देवळालीचे गणितानंद

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या वरोऱ्याच्या एखाद्या शाळेतील फळ्यावर लिहिली, तर तिच्या चढउताराचे मुलांना प्रथम कौतुकच वाटेल. पण सतरा अंकांची ही संख्या म्हणजे केवळ नक्षी नव्हे. नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले की ती मिळते; म्हणून ती मूळ संख्या नव्हे, संयुक्त संख्या होय. ३, ३७ आणि ३३३६६७ हेच तिचे मूळ अवयव. त्यांपैकी ३ हा अवयव चार वेळा येतो, इतर दोन प्रत्येकी दोन वेळा. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१ भरते, आणि त्याच ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग.

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते, शाळामास्तर होते. आज डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ते ‘हर्षद’ म्हणत. वरील संख्या या अर्थाने हर्षदही ठरते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले, आणि त्यामुळेच बहुधा मुलालाही आकडेमोडीची गोडी लागली असावी. ठाणे येथे शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक आणि १९२९ मध्ये पदवी मिळाली. पुढचे पदव्युत्तर शिक्षण मात्र कधीच झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत ते शिकवीत राहिले.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक आता सर्वश्रुत आहे. सारखेच अंक नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. असे फार तर सात वेळा केले की ६१७४ येते आणि तेथेच थांबते. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. अनेक विद्वानांनी त्यांच्या या उद्योगाला क्षुल्लक ठरवून हसण्यावारी नेले. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही: दशमान पद्धती सोडली की ६१७४ चे वैभव नाहीसे होते. परंतु आक्षेप घेणे निराळे आणि उपेक्षा करणे निराळे. कापरेकरांना आपले बरेचसे लेखन पदरमोड करून छापावे लागले.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. त्या वेळी कापरेकर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली होती, आणि निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने गणित व विज्ञानाच्या शिकवण्या करून ते गुजराण करीत. १९८६ साली त्यांचे निधन झाले.