डिझेल ट्रक पहाटे सुरू का होत नाही? खुद्द रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिनही असंच अडलं होतं

सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. थंडीच्या दिवसांत ट्रकचालकांना हे नवं नाही. ज्यांच्या नावाचं इंधन आपण टाकीत भरतो, त्या रुडॉल्फ डिझेल यांनाही त्यांच्या इंजिनाने असंच ताटकळत ठेवलं होतं.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. वाफेचं इंजिन कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के कामाला लावतं, हे त्यांच्या वर्गात कळलं आणि डोक्यात घर करून बसलं.

डिझेल यांनी उपाय शोधला तो असा : सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल, मग तिच्यात इंधन सोडायचं. ठिणगी लागतच नाही. म्हणूनच डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतो. १८९३ मध्ये पेटंट मिळालं.

कागदावर हे सोपं आहे. डिझेल सायकलचा आलेख काढून आम्हीही परीक्षेत मार्क मिळवले. त्यात बॅटरी उतरल्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

ऑग्सबर्गच्या कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं खरं, पण दाब मोजणारं उपकरणच फुटून उडालं. डिझेल थोडक्यात बचावले. इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं ते १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, तेही सुमारे मिनिटभर. आणखी ३ वर्षांनी, १८९७ मध्ये झालेल्या अधिकृत चाचणीत कार्यक्षमता २६.२ टक्के भरली.

धूर काय सांगतो?

हवा पुरेशी तापली पाहिजे आणि इंधन वेळेवर, बारीक फवाऱ्यात आलं पाहिजे. अडलेल्या ट्रकमध्ये यातलंच काहीतरी बिघडलेलं असतं. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघायला सांगा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल बहुधा सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. टाकी, तुंबलेला फिल्टर आणि पाइपात शिरलेली हवा तपासा. हँड प्रायमर मारून एअर काढली की बरेचदा गाडी सुरू होते. जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडही अडकलेला असू शकतो.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. आधी संशय घ्यावा तो बॅटरीवर. अवजड ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट दिलेले असतात. एक जरी कमजोर असली, किंवा टर्मिनल गंजलेलं असलं, तर इंजिन हळू फिरतं आणि दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतीत निघून जाते. बॅटऱ्या ठीक असतील तर हीटर बघा. शेवटी उरतात घासलेल्या रिंगा आणि गळके व्हॉल्व्ह. ते काम खर्चाचं.

कॉमन रेलच्या नव्या ट्रकमध्ये मात्र नोझलचे पाइप सैल करून एअर काढायला जाऊ नका. त्यात शेकडो बार दाब असतो. बारीक फवाराही कातडीतून आत घुसतो. तिथे रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाला नाही तर संगणक इंधनच सोडत नाही, त्यामुळे आधी स्कॅनर लावावा.

ट्रक बघायला ते नव्हते

डिझेल यांच्या इंजिनात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागे. त्यासाठी जोडलेला कॉम्प्रेसर इतका अवजड होता की इंजिन कारखान्यांत आणि जहाजांवर चाललं, पण रस्त्यावर येईना. (आज त्याच पाइपात हवा शिरली की गाडी अडते!) पेटंटने आलेला पैसा गुंतवणुकीत बुडाला, वाद आणि आजारपणाने ते खचले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते बेपत्ता झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, हा वाद आजही मिटलेला नाही.

कॉम्प्रेसरशिवाय इंधन फवारणारी इंजिनं पुढे तयार झाली आणि १९२० च्या दशकात जर्मनीत डिझेल ट्रक रस्त्यावर आले. बॉशने १९२७ मध्ये इंधन पंपांचं उत्पादन सुरू केलं.