तीन हजारांवर थांबलेला आकडा

आकडे स्वभावतः रुक्ष. परंतु कधी कधी ते असे काही योगायोग साधतात की, त्यांस जणू बुद्धीच असावी असा भास होतो. बेसबॉल ह्या अमेरिकन खेळात चेंडू टोलवून खेळाडू सुखरूप ठाण्यावर पोहोचला, म्हणजे एक यशस्वी फटका गणितात. ह्या खेळातील थोर पुरुष रॉबर्टो क्लेमेंते ह्यांचे चरित्र आम्ही अशा आकड्यांच्या आधारे वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म ता. १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिको बेटावरील कॅरोलिना गावी झाला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. सन १९५५ पासून रॉबर्टो पिट्सबर्ग पायरेट्स ह्या संघाकडून खेळू लागले; जन्मतारीख १८, आणि त्या संघाकडून खेळलेले हंगामही १८च! त्यांच्या सदऱ्याचा क्रमांक २१. आणि आईचे कुलनाम जोडून होणारे रॉबर्टो क्लेमेंते वॉकर हे पूर्ण नाव रोमन लिपीत लिहिले असता अक्षरेही २१च भरतात. १९६० व १९७१ साली त्यांच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. दोन्ही वेळी सात सात सामने झाले, आणि त्या चौदाही सामन्यांत त्यांनी यशस्वी फटका मारिला.

ता. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचा ३,०००वा फटका नोंदला गेला. त्यापूर्वी केवळ दहा जणांनी हा पल्ला गाठला होता. पुढील हंगामात हा आकडा वाढणार, ह्यात कोणास शंका नव्हती.

परंतु ता. २३ डिसेंबर रोजी निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंते ह्यांनी मदत गोळा करून पाठविली. पण ती गरजूंच्या हाती पडत नाही असे कानी येताच ते स्वतः निघाले. वर्षाच्या अखेरच्या रात्री त्यांचे अतिभाराने लादलेले विमान उड्डाणानंतर लागलीच समुद्रात कोसळले. आतील पाचही जण मृत्यू पावले. क्लेमेंते तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूस सारून १९७३ साली त्यांस बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान देण्यात आले.

अठरा आणि एकवीस हे निव्वळ योगायोग. त्यांचे कौतुक करून विसरून जावे. तीन हजारांचे तसे नाही. तो आकडा इतका नेमका राहिला, ह्याचे कारण त्यांनी खेळापेक्षा परक्या देशातील पीडितांची हाक मोठी मानिली. विद्यार्थिमित्रांनी हा आकडा स्मरणात ठेवावा, आणि त्याबरोबर त्याचे कारणही.