वेग धरून ठेवणारे बटण शोधणारा दृष्टिहीन अभियंता

आजच्या अनेक गाड्यांच्या स्टिअरिंगवर एक छोटे चित्र असते : वेग दाखवणारी तबकडी आणि तिच्या कडेला टेकलेला बाण. ही क्रूझ कंट्रोलची खूण. ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीचा वेग कायम राखणारी ही सोय राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याने शोधली. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते.

टीटर यांचा जन्म १८९० मध्ये इंडियाना राज्यातील हॅगर्सटाउन या गावी झाला. पाच वर्षांचे असताना सुरी निसटून त्यांच्या एका डोळ्यात गेली. काही काळातच दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. एका डोळ्याला खोल जखम झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित दुसऱ्या, निरोगी डोळ्यावर उलटते; त्या काळी त्यावर परिणामकारक उपचार नव्हते. आईवडिलांनी मात्र मुलाला कधी अपंगासारखे वागवले नाही. घरच्या कारखान्यात यंत्रे हाताळत तो वाढला आणि बाराव्या वर्षी एका भावंडाच्या मदतीने त्याने चालती मोटारगाडी तयार केली.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ मध्ये ते यांत्रिकी अभियंता झाले. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या जहाजांसाठी बनणाऱ्या टर्बाइनच्या फिरत्या भागांचा तोल साधण्याचे अवघड काम त्यांनी बोटांच्या स्पर्शाने सोडवले. पुढे १९३६ मध्ये ते अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि नंतर पिस्टन रिंग बनवणाऱ्या पर्फेक्ट सर्कल कंपनीचेही.

वेग राखण्याच्या कल्पनेचे मूळ गाडीतल्या गप्पांत होते. टीटर यांचे वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी होई, ऐकू लागले की वाढे. इतरांच्या लक्षातही न येणारे हे हेलकावे टीटर यांना अंगावर जाणवत. दुसऱ्या महायुद्धात इंधन आणि टायर वाचवण्यासाठी ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची मर्यादा आली तेव्हा स्थिर वेगाचे महत्त्व आणखी वाढले. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. डॅशबोर्डवरच्या चकतीने वेग ठरवायचा. गाडीने तो गाठला की ॲक्सिलरेटर पायाला उलटा दाब देई. पुढे ठरलेला वेग आपोआप राखण्याची आणि ब्रेकला पाय लागताच यंत्रणा सुटण्याची सोय त्यात आली.

नावाचा घोळ मात्र बराच काळ चालला. टीटर यांनी त्याला स्पीडोस्टॅट म्हटले. क्रायस्लरने १९५८ च्या गाड्यांत ते ऑटो-पायलट या नावाने दिले. गाडी स्वतःच चालते असा समज करून देणारे हे नाव होते. प्रत्यक्षात यंत्रणा फक्त वेग सांभाळत होती. शेवटी टिकले ते कॅडिलॅकने वापरलेले क्रूझ कंट्रोल.

नाव आणि काम यांतला हा फरक आजही चालकाने ओळखायला हवा. सेट म्हणजे आताचा वेग धरून ठेवा, रिझ्यूमचे लघुरूप असलेले रेस म्हणजे आधी ठरवलेल्या वेगाकडे परत जा, कॅन्सल म्हणजे यंत्रणा सोडा. म्हणून दाट वाहतुकीत रेस दाबले, तर गाडी अनपेक्षित वेग घेऊ शकते. साधे क्रूझ कंट्रोल पुढचे वाहन पाहत नाही, वळण ओळखत नाही. ओल्या, निसरड्या रस्त्यावर आणि घाटात ते बंदच ठेवावे. काही गाड्यांत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी प्रगत यंत्रणा असते; तिची खूण वेगळी असते. आपल्या गाडीत कोणती आहे, हे मालकपुस्तिकेत पाहून घ्यावे.

टीटर यांचे १९८२ मध्ये निधन झाले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.