पडद्यावर न मावलेला गंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस हे नाव घेतले तर आमच्या वर्गातील निम्मी मुले प्रश्नार्थक चेहरा करतील. बालगंधर्व म्हटले की मात्र सगळे ओळखतात. कुणाला सुबोध भावेंचा चित्रपट आठवतो, कुणाला पुण्याचे रंगमंदिर. प्रत्यक्ष गाणे ऐकलेले थोडेच.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली, तरीही प्रयोग झाला आणि त्यांची भामिनी उभी राहिली. १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू यांनी तर महाराष्ट्राला वेड लावले. घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. पुरुषाने बायकांना नेसणे शिकवावे, हे आज खरे वाटणार नाही!

रात्रभर चालणारे नाटक, तबल्याला अहमदजान थिरकवाँ, आणि ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा तेच पद, पण नव्या ताना घेऊन. खर्चाला हात आखडता घेणे त्यांना ठाऊकच नव्हते. उंची शालू, खरी अत्तरे, डोळे दिपवणारी सजावट यांपायी कंपनी कर्जात बुडाली. ते कर्ज त्यांनी एकट्याने अंगावर घेतले.

याच काळात त्यांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. भांडुपला लोकलमध्ये बसल्यावर मी त्यांचे एखादे पद मोबाईलवर लावतो, तेव्हा ते साधारण नाहूर येईपर्यंत संपते. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. नाट्यगृहात तेच पद कितीतरी वेळ रंगत असे. तरीही या माध्यमाने त्यांना दगा दिला नाही, कारण तबकडीला चेहरा नव्हता.

चेहरा मागितला तो बोलपटाने. १९३१ नंतर नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. इकडे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. मग बालगंधर्व ‘प्रभात’कडे गेले. शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते संत एकनाथ झाले. ज्यांना शालूत पाहण्याची सवय, त्या प्रेक्षकांना हा सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष आपला वाटला नाही. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्री झाले, पण कॅमेरा पहिल्या रांगेपेक्षाही जवळ येऊन बसतो. वय लपले नाही.

केवळ सिनेमाने त्यांचा घात केला, असे म्हणणे मला पटत नाही. ‘धर्मात्मा’नंतर वर्षभरातच त्याच ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला आणि मुंबईत वर्षभर चालला. त्यातले विष्णुपंत पागनीसही एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत! पण पागनीस पडद्यावर नाटकी राहिले नाहीत, साधे झाले. बालगंधर्वांना समोर बसलेला, दाद देणारा, पुन्हा गायला लावणारा माणूस हवा होता. स्टुडिओत ‘वन्स मोअर’ कोण देणार? पडत्या काळातही ते रंगभूमीकडेच परतले, याचे मला नवल वाटत नाही.

१९३८ च्या सुमारास त्यांच्याच ढंगाने गाणाऱ्या गोहरबाई कंपनीत आल्या. त्या नायिका आणि हे नायक. अनेक जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही, त्यांनी पाठ फिरवली. पुढे पाय लुळे पडले, तरी बालगंधर्व बसून भजने गात राहिले. लोकांनी गोहरबाईंना बोल लावले खरे, पण त्या पडत्या दिवसांत त्यांना सोडून गेल्या नाहीत, एवढे तरी नोंदवायला हवे. १९६४ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले.

पुण्याच्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली खुद्द त्यांच्याच हस्ते झाले होते. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. रंगमंदिर उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी.