इंजिनिअर व्हायचे राहून गेलेला डॉक्टर

माझी भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला तो तक्रारीचाच. दहावीनंतर बायोलॉजी सोडले तेव्हा सुटलो बुवा म्हणून घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते, आणि आता इंजिनिअरांसाठी जीवशास्त्र या नावाने तोच विषय पुन्हा बोकांडी बसला. पेशी, एन्झाइम, डीएनए हे सगळे एका सत्रात, तेही पाठ करून. मामा, याचा आम्हाला उपयोग काय, असा तिचा रोकडा सवाल होता. मी तिला थॉमस हेन्री हक्सलेची गोष्ट सांगितली. डार्विनच्या उत्क्रांतिवादाची बाजू घेऊन भांडणारा शास्त्रज्ञ म्हणून तो आपल्याला माहीत असतो. पण या माणसाने एकतीस वर्षे नोकरी केली ती खाणकाम शिकवणाऱ्या कॉलेजात, हे फारसे कुणी सांगत नाही.

हक्सलेचा जन्म 4 मे 1825 रोजी लंडनजवळच्या ईलिंग गावी झाला. वडील तिथल्याच शाळेत गणित शिकवत. मुलाची रीतसर शाळा मात्र जेमतेम दोन वर्षे झाली, बाकीचे शिक्षण त्याने स्वतःच पुस्तके वाचून केले. त्याला व्हायचे होते मेकॅनिकल इंजिनिअर. पण घरची परिस्थिती बेताची, आणि दोन मेहुणे डॉक्टर. तेव्हा पोरगा वैद्यकीकडे ढकलला गेला. (आपल्याकडे हे उलटसुलट दोन्ही प्रकारे चालते, ओपीडीत रोज पाहतो.)

तेरा-चौदा वर्षांचा असताना कुणीतरी त्याला शवविच्छेदन पाहायला नेले. तो तासन् तास तिथे उभा राहिला आणि नंतर आजारी पडला. तेव्हापासून पोटाचे दुखणे आणि अधूनमधून येणारी खोल उदासी त्याच्या मागे लागली ती जन्मभर. शरीरात काही विष गेले असावे असा त्याचा समज होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान करण्याचा मोह मला होतो, पण तो आवरलेला बरा. पुढे लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत एका डॉक्टरच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. औषध मागायला आलेल्यांना खरी गरज अन्नाची आहे, हे त्याने तिथे पाहिले. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

1842 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात शिकायला गेला. तिथे त्याला आवडला तो एकच विषय, शरीरक्रियाशास्त्र. कारण त्याच्या दृष्टीने ते जिवंत यंत्रांचे इंजिनिअरिंगच होते. विसाव्या वर्षी त्याने केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातला एक थर शोधून काढला. हक्सलेचा थर म्हणून तो आजही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी वाचावा लागतो. आम्ही तो व्हायव्हापुरता पाठ केला आणि विसरलो. शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांत त्याला लंडन विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले, पण पुढची परीक्षा त्याने दिलीच नाही. पदवीवाचूनच तो नौदलात साहाय्यक शल्यचिकित्सक झाला आणि 1846 मध्ये रॅटलस्नेक या जहाजावरून ऑस्ट्रेलियाकडे निघाला.

चार वर्षांच्या त्या सफरीत त्याने समुद्रातले जेलीफिश फाडून पाहिले. त्यांचे शरीर मुळात दोन थरांचे आहे आणि वरच्या दर्जाच्या प्राण्यांच्या गर्भातही सुरुवातीला असेच दोन थर दिसतात, हे साम्य त्याने दाखवले. नवनवे प्राणी जमवून त्यांना नावे देण्याची हौस त्याला कधीच नव्हती. प्राण्याची बांधणी कशी आहे आणि एकाच आराखड्यातून निसर्ग किती तऱ्हेची यंत्रे उभी करतो, एवढेच त्याला पाहायचे असे. सिडनीत हेन्रिएटा हीथॉर्नशी त्याचे लग्न ठरले, पण पगाराची नोकरी नसल्याने ते आठ वर्षे लांबले. 1851 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, दुसऱ्या वर्षी पदकही मिळाले. मान मिळत होता, पोट भरत नव्हते. टोरांटो, ॲबरडीन, कॉर्क, सगळीकडे अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला.

अखेर 1854 मध्ये लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरील सरकारी खाणकाम विद्यालयात जागा रिकामी झाली. खाणी आणि धातुकामाच्या विद्यार्थ्यांना प्राणिशास्त्र कशाला? त्याला तसे रोखठोक कारण होते. जमिनीतला कुठला थर कुठल्या काळातला, कोळसा वर सापडेल की खाली, हे थरातल्या जीवाश्मांवरून कळते. जीवाश्म ओळखायचा तर जिवंत प्राण्याची रचना ठाऊक हवी. गंमत अशी, की आपल्याला जीवाश्मांत रस नाही, शरीरक्रियाशास्त्राची जागा मिळाली की हे सोडून देईन, असे हक्सलेने संचालकांना आधीच बजावले होते. प्रत्यक्षात तो एकतीस वर्षे तिथेच राहिला आणि त्याचे बरेचसे संशोधनही जीवाश्मांवरच झाले.

शिकवण्याचा त्याचा मार्ग सोपा होता. शंभर प्राण्यांची नावे घोकण्यापेक्षा मोजके सात-आठ जीव नीट पाहायचे, स्वतःच्या हाताने उघडायचे आणि जे दिसले त्याचे चित्र काढायचे. जर्मिन स्ट्रीटवर प्रयोगशाळेला जागाच नव्हती, त्यामुळे बरीच वर्षे खडू आणि फळा यांवरच भागवावे लागले. 1872 मध्ये वर्ग साउथ केन्सिंग्टनला हलले आणि त्याच्या मनासारखे झाले. यीस्ट, अमीबा, बुरशी, नेचा, घेवड्याचे रोप, हायड्रा, शिंपला, गोड्या पाण्यातला क्रेफिश आणि शेवटी बेडूक, असा क्रम त्याने लावला. 1875 मध्ये एच. एन. मार्टिन या शिष्यासोबत याचे पुस्तक काढले. बारावीला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या ठोकून आम्ही बेडूक उघडला तो याच परंपरेतला. त्याचा एक साहाय्यक टी. जे. पार्कर म्हणजे आपल्या बी.एस्सी.वाल्यांच्या पिढ्यांनी बगलेत घेऊन मिरवलेल्या पार्कर-हॅसवेलमधला पार्कर.

या क्रमात एक चूक होती, आणि ती मला फार शिकवून जाते. सोप्याकडून कठीणाकडे जावे म्हणून त्याने सुरुवात एका पेशीच्या जीवापासून केली. पण रचनेने सोपे ते शिकणाऱ्याला सोपे असतेच असे नाही. कधी सूक्ष्मदर्शक न हाताळलेला मुलगा पहिल्याच दिवशी अमीबा पाहू लागला की त्याला आपण परक्या मुलखात आल्यासारखे वाटे. हाड, हृदय, आतडे हे निदान ऐकून तरी माहीत असते. म्हणून 1888 च्या सुधारित आवृत्तीत क्रम उलटा झाला आणि बेडूक पहिला आला. भाचीच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण पेशीच्या रासायनिक घटकांचे आहे. ते वाचून ती हिरमुसली यात तिचा दोष किती?

चूक कबूल करण्याचा आणखी एक प्रसंग भर सभेतला. अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्यापूर्वी खोलीची मोजणी झाली, तेव्हा वर आलेला गाळ हक्सलेकडे तपासायला आला होता. त्या गाळातल्या सूक्ष्म कवचांचे वर्गातल्या खडूशी असलेले नाते त्याने 1868 मध्ये नॉरिचच्या कामगारांना एका व्याख्यानात उलगडून दाखवले. पण त्याच वर्षी त्याच गाळाच्या बाटलीत त्याला एक बुळबुळीत पदार्थ दिसला, आणि हा जीवसृष्टीचा आदिम अंश असावा असे समजून त्याने त्याला बॅथिबियस असे नावही दिले. पुढे चॅलेंजर जहाजावरच्या रसायनतज्ज्ञाने दाखवले, की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल मिसळल्यावर कॅल्शियम सल्फेटचा जो साका बसतो, तोच हा. हक्सलेने आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

घरात दुःख कमी नव्हते. 1860 च्या सप्टेंबरात थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरने गेला, चार वर्षांचाही नव्हता. आज या आजाराला पेनिसिलिनचा साधा कोर्स पुरतो. मुलगी मॅरियन 1887 मध्ये गेली. तब्येत ढासळल्याने 1885 मध्येच त्याने शिकवणे थांबवले होते. त्याच्या शेवटच्या वर्गात बसलेला एक गरीब विद्यार्थी पुढे एच. जी. वेल्स म्हणून गाजला. 29 जून 1895 रोजी ईस्टबोर्न येथे हक्सले वारला. त्याचे विद्यालय 1907 मध्ये इम्पीरियल कॉलेजात सामील झाले.

भाचीला मी पल्स ऑक्सिमीटरचेही सांगितले. कोविडच्या लाटेत आमच्या वॉर्डात सगळ्यांची नजर त्या आकड्यावर असे. ते यंत्र बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन अजमावते. पण त्वचेतले मेलॅनिनही प्रकाश शोषते, त्यामुळे गडद त्वचेच्या रुग्णात यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. म्हणजे ऑक्सिजनची गरज असलेला माणूस कागदावर ठीक दिसतो. ही अडचण सोडवायची तर सर्किट आणि कातडी दोन्ही कळणारा माणूस हवा. यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, बेडूक कापावा लागतो का? आता बहुतेक ठिकाणी ते बंद झाले आहे, असे सांगितल्यावर तिला हायसे वाटले.

हक्सलेचा एक धागा आपल्या दारापर्यंतही येतो. त्याच्याकडे शिकायचे म्हणून पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश तरुण त्या खाणकामाच्या शाळेत दाखल झाला. पुढे तो नगररचनेकडे वळला आणि शहराकडेही सजीवाकडे पाहावे तसे पाहू लागला. 1919 ते 1924 या काळात तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होता, आणि त्याच्यानंतर तो विभाग सांभाळला मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी.