बॅरिस्टरीच्या वाटेवरील माणसे

वकिली केवळ कायद्याच्या व्यासंगावर चालत नाही. ती ओळखींवरही चालते. ज्याचे वडील वा सासरे वकील, त्याच्याकडे अशील आपण होऊन येतो. सुभेदार रामजींच्या पुत्रापाशी असा वारसा नव्हता. म्हणूनच विद्यार्थिदशेत बाबासाहेबांनी माणसे कशी जोडली, हे पाहण्यासारखे आहे.

नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. तेथे परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नसे. प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा इनच्या भोजनगृहात इतरांसमवेत जेवल्याशिवाय बॅरिस्टरी मिळत नसे. नव्यांनी जुन्यांच्या सहवासात घडावे, हा त्यामागील हेतू. मायदेशी ज्याच्या पंगतीला बसणे विटाळ मानले जाई, त्याला तिथे पंगत चुकवण्याची मुभाच नव्हती!

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठवलेली रक्कम, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये हाताशी होते. भथेना हे न्यूयॉर्कच्या वसतिगृहात भेटलेले पारशी मित्र. (वसतिगृहातील मैत्री किती दूर पोहोचते, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.) जून १९२२ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर झाले. पुढच्या वर्षी मुंबईत सनद काढण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले.

खरी परीक्षा पुढेच होती. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टराला काम मिळे ते सॉलिसिटरांमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे खटला सोपवण्यास ते धजेनात. लंडनची पदवी हे दार उघडू शकली नाही. मग अपील शाखेतील आणि जिल्हा न्यायालयांतील कामे त्यांनी पत्करली. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून प्रपंचाला हातभार लावला.

मात्र चळवळीतून दुसरेच नाते उभे राहत होते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात भरलेल्या खटल्यात बागडे, जेधे व जवळकर या ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले आणि १९२६ मध्ये तो जिंकला. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत चाळकरी, गिरणी कामगार सल्ल्यासाठी येऊ लागले. त्यांतील अनेकांपाशी फी द्यायला काही नसे, तरी बाबासाहेब त्यांचे कागद वाचत.