आल्फ्रेड ब्यूखी : वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावणारा माणूस



आजचा पाठ एका मुलाच्या प्रश्नातून सुचला. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने काकांच्या मोबाईलवर जुन्या गाडीची जाहिरात पाहिली होती. गाडी स्पोर्ट्स कार होती, बाहेरून अगदी साधी, पण आतून इंजिन ट्यून करून ताकद वाढवलेली. त्याने विचारलं, "बाई, टर्बो म्हणजे काय?" मी सांगून टाकलं की त्यात पेट्रोल जास्त सोडतात, म्हणून गाडी जोरात पळते. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, माझं उत्तर अर्धवटच होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं कबूल केलं आणि मग ही गोष्ट सांगितली.

जन्म आणि शिक्षण

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावी झाला. हे कारखान्यांचं गाव. वडील तिथल्या सुल्झर या मोठ्या यंत्रकंपनीत वरच्या पदावर होते, त्यामुळे इंजिनांची ओळख लहानपणीच झाली. पुढे झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेत ते यंत्र अभियांत्रिकी शिकले. आईनस्टाईनही याच संस्थेचे विद्यार्थी. १९०३ मध्ये पदवी घेऊन ब्यूखी यांनी काही वर्षं बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली.

प्रश्न काय होता?

इंजिनात जाळलेल्या इंधनाची सगळी ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर बाहेर निघून जाते. ही गोष्ट ब्यूखी यांच्या मनाला लागली. त्यांनी विचार केला, जो धूर आपण फेकून देतो त्याच्याकडूनच काम करून घेतलं तर?

त्यांची कल्पना अशी. एकाच दांड्यावर दोन पंखे बसवायचे. बाहेर पडणारा धूर पहिला पंखा फिरवेल. दांडा एकच असल्याने दुसराही फिरेल आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरेल. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन नीट जळतं आणि तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त ताकद देतं. म्हणजे इंधन वाढतं हे खरं, पण आधी हवा वाढावी लागते. माझी चूक इथेच होती. १९०५ साली ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट घेतलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २६.

वीस वर्षांची वाट

पेटंट मिळालं, पण यश मिळालं नाही. १९०९ मध्ये ते सुल्झर कंपनीत परतले आणि डिझेल इंजिनांच्या संशोधनाला लागले. उंचावर हवा विरळ असते, तिथे विमानाच्या इंजिनाची ताकद कमी होते. त्यावर उपाय म्हणून १९१५ च्या सुमारास त्यांनी एक नमुना तयार केला, पण तो भरवशाचा ठरला नाही. धूर भयंकर तापलेला आणि पंख्यांचा वेग प्रचंड. ते सोसणारा धातू, दांड्याचे बेअरिंग, सगळंच अवघड होतं. तरी ब्यूखी यांनी काम सोडलं नाही.

शेवटी १९२०च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्यांच्या देखरेखीखाली टर्बोचार्जर बसले. १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागलं, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ! तेव्हा पेटंटला जवळपास २० वर्षं झाली होती. त्यानंतर जहाजं, रेल्वे इंजिनं, ट्रक, सगळीकडे ही युक्ती पसरली.

मोटारींपर्यंत

१९५९ मध्ये ब्यूखी यांचं विंटरथूरलाच निधन झालं. टर्बो बसवलेल्या पहिल्या मोटारी अमेरिकेत बाजारात आल्या त्या १९६२ साली. पुढे १९७५ मध्ये पोर्शे ९११ टर्बो विक्रीला आली आणि टर्बो म्हणजे वेगवान स्पोर्ट्स कार हे समीकरण बसलं. ब्यूखी यांना हे काहीच पाहायला मिळालं नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. जाहिरातीतली ट्यून केलेली गाडी म्हणजे बहुतेक वेळा टर्बोच्या हवेचा दाब वाढवलेली गाडी. बाहेरून काही कळत नाही, पण दाबाबरोबर उष्णता वाढते आणि इंजिन, क्लच, गिअर यांच्यावर ताण येतो. त्यामुळे अशी गाडी घेताना काय काय बदललं आहे ते विचारा आणि जाणकार मेकॅनिकला दाखवा. उष्णतेशी तर स्वतः ब्यूखीही वीस वर्षं झगडले होते.

वर्गात करून बघा

कागदाची दोन भिरभिरी एकाच नळीच्या दोन टोकांना घट्ट चिकटवा. नळीतून बारीक सळई घालून ती सैल फिरू द्या. एका भिरभिऱ्यावर फुंकर मारा. दुसरं का फिरतं, ते मुलांनाच सांगू द्या.

माझ्या वर्गात हे करताना प्रश्न विचारणारा तोच मुलगा पुढे आला. एरवी वाचनात मागे पडतो, पण त्या दिवशी सगळ्यांना त्यानेच समजावून सांगितलं. आता मी त्याला रोज एक यंत्र वाचायला देते, धड्याऐवजी.

तुमच्या वर्गात प्रयोग कसा झाला, ते नक्की कळवा.